बुडालेले गाव आणि म्हातारा सूर्य

आजीचे सासर इंदापूर तालुक्यातले पळसदेव. लहानपणी एका उन्हाळ्यात ती मला तिथे घेऊन गेली. उजनीचे पाणी ओसरले होते आणि पळसनाथाचे देऊळ उघडे पडले होते. पलीकडे बोट करून आजी म्हणाली, "तिथं आपलं घर होतं." मी पाहिले, तर नुसते पाणी! भीमेवरचे धरण १९८० साली पुरे झाले, नदी फुगली आणि काठची गावे तिने पोटात घेतली. दूरची वाचली.

आज बारामतीत वर्गात सूर्यमाला शिकवताना मला हटकून ते देऊळ आठवते. कारण सूर्यही एक दिवस असाच फुगणार आहे.

हे माणसाला फार उशिरा कळले. आमच्यासारखेच शाळामास्तर असलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली निघाला, तेव्हा सूर्य कशावर जळतो हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. १९२० साली एडिंग्टनने तर्क केला, की हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातून ही ऊर्जा निघते. १९३९ साली बेथेने त्याचे गणित मांडले. मग राहिला संसारी माणसाचा हिशेब: शिल्लक किती आणि खर्च किती! सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, गाभा आकसेल आणि बाहेरचे अंग वाढत वाढत दोनशेपटीवर जाईल. बुध आणि शुक्र गिळले जातील.

आणि पृथ्वी? इथे पंडितांचे एकमत नाही. म्हातारा तारा आपले द्रव्य उधळतो, त्याची ओढ ढिली पडते आणि ग्रह दूर सरकतो. उलट ग्रहामुळे ताऱ्यावर उठणारी भरती त्याला आत खेचते. अशी ही रस्सीखेच. समुद्र मात्र त्याच्या कितीतरी आधी, १०० कोटी वर्षांच्या सुमारास, आटू लागतील.

२०२० साली गरुड तारकासमूहात, १२,००० प्रकाशवर्षांवर, एक तारा दहा दिवसांत शंभरपट उजळला. त्याने आपला ग्रह गिळला, असे किशलय डे, विराज करंबेळकर आदी संशोधकांनी २०२३ साली जाहीर केले. तारा फुगला असावा, असा तेव्हाचा समज. २०२५ साली वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून वेगळेच दिसले. तारा फुगला नव्हता. ग्रहच घिरट्या घालीत आत गेला होता.

पण २०२४ साली एक दिलाशाची वार्ता आली. ४,००० प्रकाशवर्षांवर एका विझत्या श्वेत बटूभोवती पृथ्वीच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचा ग्रह सापडला. ताऱ्याचे म्हातारपण सोसून तो दूर सरकला आणि टिकला.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मग आपण घर कुठं हलवायचं?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. आजीनेही कधीतरी हेच विचारले असेल. तिने पुढे उंचावर नवे घर मांडले, आणि पहिल्या दिवाळीला दारात पणती लावली ती पाण्याकडे तोंड करून.

"वेळ आहे, बाळ," मी म्हटले. "आमच्या आजीला एवढा मिळाला नव्हता."