सदतीस खेपा, वीस खेपा: प्रोस्टेटच्या ‘शेका’चा इतिहास



आपल्या कोनमधून टाटाला जायचं म्हणजे रिक्षाने दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण, तिथून लोकलने परळ. प्रोस्टेट कॅन्सरचं रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, पूर्वी साधारण ३७ खेपांचं असायचं. आठवड्याला पाच, म्हणजे साडेसात आठवडे. लूमवर किंवा गोदामात रोजावर जाणाऱ्याने आणि सोबतच्या मुलाने एवढे खाडे कसे करायचे? या खेपा कमी कशा झाल्या, तो इतिहास मला म्हणूनच आपल्या गावाचाही वाटतो.

टाटा मेमोरियल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुषी हार्मोन कमी केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेकाच्या बाजूने १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं मशीन आलं, मग लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट मशीन बनवलं. पहिलं बसलं २००५ मध्ये, खारघरच्या टाटाच्या केंद्रात.

ताकद आली, पण नेमका नेम बसेना. कारण प्रोस्टेट जागेवर राहत नाही. वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय. पिशवी भरली, पोटात गॅस झाला की गाठ सरकते. त्वचेवर खूण करून नेम धरला तरी आतलं निशाण कालच्या जागी असेलच असं नाही. म्हणून आजूबाजूचा सेंटीमीटरभर भागही शेकला जायचा. त्याचा त्रास काय? शौचातून रक्त, लघवीची जळजळ.

उत्तर निघालं ते चित्रातून. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डी यान आणि सहकाऱ्यांनी कल्पना मांडली: पहिल्या काही दिवसांची चित्रं बघून त्या एका माणसाची गाठ किती हलते ते मोजा आणि प्लॅन त्याच्या मापाचा करा. शिंपी ट्रायल घेऊन सदरा दुरुस्त करतो ना, तसं. पुढे मशीनवरच सीटी काढायची सोय झाली. रोज चित्र बघून टेबल सरकवणं ही एक पायरी, आणि त्या दिवसाच्या चित्राप्रमाणे प्लॅनच बदलणं ही पुढची.

यात टाटाचाही वाटा आहे. जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांवर २०११ ते २०१७ मध्ये त्यांनी चित्र बघून शेक दिला. फक्त प्रोस्टेटला शेक दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८१ टक्क्यांमध्ये आजार उलटलेला नव्हता. ओटीपोटातल्या गाठींनाही शेक दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ९५ टक्के. खेपा २५. ब्रिटनमध्ये ३,२१६ पुरुषांच्या अभ्यासात २० खेपा ३७ इतक्याच उपयोगी ठरल्या, तो निकाल २०१६ चा. निवडक रुग्णांना तर आता पाच खेपाही पुरतात. कोणाला किती, हे मात्र डॉक्टरच ठरवणार.

वीस खेपा म्हणजे चार आठवडे. रोजावरच्या घरात साडेतीन आठवड्यांची मजुरी वाचते, आणि पैसे संपले म्हणून शेक अर्धवट सोडायची वेळ टळू शकते.

म्हणून मला दोन गोष्टी सांगायच्यात. पुढारी कॅन्सरच्या मशीनचं आश्वासन देतील तेव्हा नुसतं ‘मशीन कधी?’ विचारू नका. त्यावर रोज चित्र निघणार का, आणि ते बघून प्लॅन करायला फिजिसिस्ट अन् टेक्निशियनची पदं भरणार का, तेही विचारा. माणसं नसतील तर मशीन नुसतं शोभेचं.

आणि घरात: लघवी अडते, रात्री चार वेळा उठावं लागतं, हे ‘वयामुळे होतंय’ म्हणून लपवू नका. प्रत्येक वेळी कॅन्सर नसतो, बहुतेकदा नसतोच. पण लाजेपायी उशीर झाला, तर कमी झालेल्या खेपांचा आपल्याला उपयोग काय?