क्लीनर नावाचं शिक्षण

ट्रकवर ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्या पोराला आपण ‘क्लीनर’ म्हणतो. तो दोर आवळतो, टायर ठोकून हवा बघतो, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावतो आणि गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ असं ओरडतो. यात ‘क्लीन’ काय आहे? इतिहास शिकवण्यात सगळी नोकरी गेल्यामुळे असले प्रश्न मला फार छळतात. (बायको म्हणते, रिकामपणाचे उद्योग. असो.)

हा शब्द मोटारीच्या आधीचा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि वाफेच्या इंजिनाबरोबर विलायतेतली कामाची उतरंडही इथे आली. सगळ्यात खाली क्लीनर, त्याच्या वर फायरमन, त्याच्या वर ड्रायव्हर. क्लीनरनं शेडमध्ये उभ्या इंजिनावर चढून तेलात भिजवलेल्या सुताच्या चिंध्यांनी दांडे, चाकं, बॉयलरचा पत्रा पुसायचा. इंजिन चकाकावं हा त्याचा एक हेतू. दुसरा जास्त महत्त्वाचा. काजळी पुसली की खालची चीर दिसते, सैल झालेला नट हाताला लागतो, तेल कुठून झिरपतंय ते कळतं. जो दोन-चार वर्षं इंजिन पुसतो त्याला त्याचा प्रत्येक भाग हातानं माहीत होतो. म्हणून त्यालाच पुढे फायरमन करायचं. आपल्या रायगड जिल्ह्यात १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडीही अशाच इंजिनांवर कित्येक वर्षं डोंगर चढली.

मोटारी आल्या आणि हा क्लीनर ट्रकवर जाऊन बसला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, तिचा कारखाना कुर्ल्याला. तिथली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, ज्यांनी वापरली त्यांना आठवत असेल, की बॉनेट उघडलं की आत मोकळं अंगण असायचं! मधोमध चार सिलिंडरचं इंजिन, वर कार्ब्युरेटर, बाजूला डिस्ट्रिब्यूटर, पुढे रेडिएटर, आणि फटीतून खालचा रस्ताही दिसायचा. हात कुठेही पोचायचा.

ते साफ करायची रीत ठरलेली होती. इंजिन गार होऊ द्यायचं. बॅटरीची वायर आधी काढायची, कारण रॉकेलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. मग डब्यात थोडं रॉकेल, रंगाचा जुना ब्रश आणि फडकं. ग्रीस आणि इंजिन ऑइल खनिज तेलातून आलेलं, रॉकेलही तिथलंच, म्हणून नुसत्या पाण्याला दाद न देणारा चिकटा रॉकेलनं विरघळतो. मात्र रॉकेल रबरावर राहिलं तर रबर फुगतं, त्यामुळे फॅन बेल्ट आणि होसपाइप लगेच कोरडे पुसायचे. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून आतून सुक्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर पावसाळ्यात सकाळी गाडी नुसती खोकत राहायची. क्लीनर हे सगळं करता करता उस्तादाला सांगायचा, ‘उस्ताद, टॅपेट कव्हरमधून ऑइल येतंय.’ गॅस्केट बदलायची वेळ झाली हे त्याला फडक्यानं कळलेलं असायचं, पुस्तकानं नाही.

आता आमच्या नागावाचं. अष्टागरातलं हे गाव, समुद्राला लागून, नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलं. इथे इंजिनाची खरी दुश्मन धूळ नाही, मीठ आहे. लाटा फुटतात तेव्हा उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर आत येतात, बॉनेटच्या फटीतून शिरतात आणि वाळून मिठाचा थर ठेवतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. जुलैतली मिठाची बरणी आठवा! पावसाळ्यात आमच्याकडे आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे गाडी छपराखाली उभी असली, पावसाचा थेंब लागला नसला, तरी आतल्या लोखंडावर खारं पाणी पसरलेलंच. त्यातून ॲल्युमिनियमचा भाग लोखंडी बोल्टला टेकलेला असला की त्या दोघांची आणि खाऱ्या पाण्याची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर बुरशी येते ती वेगळीच.

म्हणून इथे रॉकेलचं काम झालं तरी संपत नाही, मीठ रॉकेलात विरघळत नाही. त्याला गोडं पाणीच हवं, विहिरीचं, आणि तेही बेताचं. ओलं फडकं, मग सुकं फडकं, मग तासभर बॉनेट उन्हात उघडं. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीच्या सुमारास एकदा.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचं इंजिन आडवं, जागा कमी, पण कार्ब्युरेटर अजून होता. खरा बदल धुराच्या नियमांनी झाला. २००० सालापासून धुरावरची बंधनं कडक होत गेली, कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्टर आले, ते किती पेट्रोल सोडतात हे ठरवायला संगणक आला, आणि त्याला खबर द्यायला जागोजागी सेन्सर. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा लागू झालं तोवर बॉनेटखाली वायरींचं जाळं झालं होतं, आणि बऱ्याच गाड्यांत त्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण. धूर कमी झाला हे चांगलंच झालं, त्यात दुमत नाही. पण आता तिथे प्रेशरचं पाणी मारलं तर ते वायरींच्या जोडांत, अल्टरनेटरमध्ये, स्पार्क प्लगच्या खळग्यात शिरतं आणि गाडी अडखळू लागते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच नको. विजेच्या गाडीतली नारिंगी केबल म्हणजे जोरदार दाबाची वीज, तिच्याजवळ फवारा न्यायचाच नाही. शनिवार-रविवारी हौशी मंडळी समुद्राच्या पाण्यातून गाडी दामटतात आणि मग वॉशिंगवाल्याला म्हणतात, ‘बॉनेट उघड, मार पाणी!’ तो शहाणा असेल तर खालून भरपूर गोडं पाणी मारतो आणि वर हात जोडतो.

या सगळ्यात गेला तो क्लीनर. त्याचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. शाळा सोडून गेलेली कितीतरी मुलं मी ट्रकवर पाहिली आहेत, मिसरूड न फुटलेली. पगार म्हणजे दोन वेळचं जेवण आणि शिव्या, झोप टपावर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं कामगारांच्या व्याख्येत ‘क्लीनर’ हा शब्द घातला, मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एका ट्रकच्या मालकाकडचा पोरगा त्यात कुठे बसायचा?

तरी त्या मुलाला वर जायला एक जिना होता, तो पुसण्यापासून सुरू व्हायचा. मध्यंतरी काही वर्षं ट्रक चालवायच्या परवान्याला आठवी पासची अट होती, म्हणजे नेमकी आमच्याकडून निसटलेली मुलं तिथेही अडली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती अट काढली. मी शिक्षक असून मला ते पटलं. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या माल वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक होती, अवजड वाहनावर क्लीनर ठेवायची सक्ती रद्द करा. त्यांचं म्हणणं, नव्या गाड्यांना त्याची गरज उरली नाही. हिशेबानं त्यांचं बरोबर असेल.

माझा एक विद्यार्थी नववीत सुटला होता. क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आता त्याचे स्वतःचे तीन टेम्पो आहेत. त्यानं ठेवलेली मुलं गाडी झकास चालवतात, मोबाईलवर रस्ता बघतात, पण बॉनेट कुठून उघडतं ते एकाला विचारावं लागलं. म्हणून तिन्ही गाड्यांची बॉनेटं सकाळी तो स्वतः उघडतो. ‘सर, पाणी नाही मारत,’ मला म्हणाला, ‘नुसतं सुकं फडकं. तेवढ्यात काय हललंय ते कळतं.’