दोन धावफलक आणि एक गोलंदाज

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. ज्या जिल्ह्यात चांदबिबीने लढवलेला भुईकोट आहे, तिथे हे साहजिकच. पण खेळालाही इतिहास असतो, आणि तोही कागद पाहूनच लिहावा लागतो. तिथला कागद म्हणजे धावफलक. आज आपण असे दोन धावफलक शेजारी शेजारी ठेवून वाचू. दोन्ही क्रिकेटच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांचे. दोन्ही सामन्यांत पहिलं षटक टाकणारा गोलंदाज एकच, आणि तो आपल्या श्रीरामपूरचा: झहीर खान.

श्रीरामपूर म्हणजे दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं, प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेलं बाजाराचं गाव. भोवती उसाचे मळे. तिथे ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीरचा जन्म झाला. त्याचं शालेय शिक्षण तिथेच झालं. वयाच्या सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणाची वाट मागे राहिली. मुंबईतली क्लबची मैदानं, मद्रासकडचं जलद गोलंदाजीचं प्रशिक्षण आणि बडोद्याचा रणजी संघ अशी मजल-दरमजल करत तो सन २००० मध्ये नैरोबीला भारताकडून खेळला.

आता पहिला धावफलक पाहू. तारीख २३ मार्च २००३, स्थळ दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग, प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया. भारत ओळीने आठ सामने जिंकून तिथे पोचला होता, आणि त्या स्पर्धेत भारताकडून सर्वांत जास्त, म्हणजे १८ बळी झहीरनेच मिळवले होते. सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. नवा चेंडू झहीरच्या हाती आला. त्या पहिल्या षटकात नोबॉल गेले, वाइड गेले, आणि फलकावर १५ धावा लागल्या. ऑस्ट्रेलियाने पुढे २ बाद ३५९ पर्यंत मजल मारली. कर्णधार पाँटिंगच्या नाबाद १४० धावा होत्या. झहीरची नोंद अशी: ७ षटकं, ६७ धावा, बळी एकही नाही. भारत २३४ धावांत संपला आणि १२५ धावांनी हरला. शेवटी बाद झालेला फलंदाजही झहीरच. सामन्याचा आरंभ आणि अखेर दोन्ही त्याच्याच नावावर लिहिली गेली!

हरलेल्या सामन्याला लोक एक कारण शोधतात, आणि ते जितकं सोपं तितकं बरं. 'पहिल्या षटकातच सामना गेला' हे वाक्य पारावर, चहाच्या टपरीवर फार दिवस चाललं. पण फलक काय सांगतो? त्या १५ धावा सोडल्या तरी ३४४ उरतात. त्या एकट्या झहीरने दिलेल्या नाहीत.

यानंतरची वर्षं दुखापतींची आणि संघाबाहेर बसण्याची. सन २००६ मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला. तिथे हंगामभर, दिवसामागून दिवस, गोलंदाजी केली आणि ७८ बळी घेतले. धावत येण्याचं अंतर त्याने कमी केलं. नुसत्या वेगापेक्षा टप्पा आणि दिशा यांवर भर दिला. पुढे चेंडू बोटांच्या पेरांत धरून, हात वेगाने फिरवूनही तो संथ सोडण्याची युक्ती त्याने साधली. इंग्लंडातल्या त्या हंगामाला टाळ्या वाजवायला इथलं कोणी नव्हतं. खरी मशागत अशीच होते. पीक डोलायला लागलं म्हणजे लोक बघायला येतात, नांगरटीच्या वेळी कोण येतो?

दुसरा धावफलक २ एप्रिल २०११ चा, मुंबईच्या वानखेडे मैदानावरचा. मध्ये आठ वर्षं आणि दहा दिवस गेले होते. समोर श्रीलंका, हाती पुन्हा नवा चेंडू. पहिलं षटक निर्धाव. दुसरं निर्धाव. तिसरंही निर्धाव! चौथ्याच्या पहिल्याच चेंडूवर थरंगाचा झेल सेहवागने टिपला. पाच षटकांत अवघ्या ६ धावा आणि एक बळी.

इथेच थांबलो तर गोष्ट छान होते: चूक झाली, प्रायश्चित्त झालं. पण बरं का मंडळी, इतिहासाने इथे थांबायचं नसतं. फलक खालपर्यंत वाचा. उरलेल्या पाच षटकांत झहीरने ५४ धावा दिल्या. एकूण १० षटकं, ६० धावा, २ बळी. जयवर्धनेने नाबाद शतक ठोकलं आणि श्रीलंकेने २७४ धावा केल्या. मग आपले सेहवाग आणि तेंडुलकर ३१ धावांतच परतले. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावा नसत्या, तर त्या तीन निर्धाव षटकांची आठवण कोणी काढली असती? भारत सहा गडी राखून जिंकला, १९८३ नंतर २८ वर्षांनी.

म्हणजे २००३ चा पराभव एकट्याचा नव्हता, तसा २०११ चा विजयही एकट्याचा नव्हता. आणि माणसाची खरी किंमत कळायची तर एका षटकावर नजर खिळवून चालत नाही. २०११ च्या संपूर्ण स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या आफ्रिदीचेही तितकेच, त्याहून जास्त कोणाचेच नाहीत. ते बळी त्या मधल्या वर्षांनी मिळवून दिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एकदा हे दोन फलक फळ्यावर लिहा. मुलांना विचारा, 'हरलो ते कोणामुळे?' उत्तर चटकन येईल. मग सगळे आकडे वाचायला लावा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी मुलं थोडी थांबतील, विचार करतील. ते थांबणं म्हणजेच इतिहासाचा पहिला धडा. आणि परीक्षेत एका पेपरात घसरलेलं एखादं पोर मागच्या बाकावर बसलेलं असेल, तर त्याला मधल्या त्या आठ वर्षांची गोष्ट जरूर सांगा.