सेलूची न्हाणी आणि सेवाग्रामचा टब

गेल्या महिन्यात सेलूला घरी गेलो होतो. न्हाणी नव्यानं बांधायची आहे. मी लॅपटॉपवर जकुझीचे फोटो दाखवले, तर आई म्हणाली, "एवढ्या पाण्यात तर म्हैस धुऊन निघते! आणि तुझ्या बाबांचा पाय त्या काठावरून पलीकडे जाईल का?"

बाबांचे गुडघे गेलेत. मुद्दा बिनतोड होता.

मग आठवला सेवाग्रामचा टब. बापूकुटीच्या न्हाणीघरात तो शाळेच्या सहलीत पाहिला होता. 'गांधीजी आणि टब?' म्हणून तेव्हा आम्ही हसलो होतो. पण कुटीतला टब चैनीचा नव्हे, उपचाराचा. लाइपझिगच्या लुई कूने (१८३५-१९०१) यांचं कटिस्नान म्हणजे कमरेपुरत्या पाण्यात बसायचं, पाय बाहेर ठेवायचे आणि ओटीपोट चोळायचं. गांधीजींनी कूनेंचं पुस्तक वाचलं होतं. १९०२ साली मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली अंडी आणि कोंबडीचं सूप नाकारून त्यांनी हीच स्नानं, ओल्या चादरी आणि पथ्य चालवलं. मुलगा वाचला. कशामुळे? देवाची कृपा, पाणी की पथ्य आणि शुश्रूषा, हे कोण सांगणार, असं त्यांनीच आत्मकथेत म्हटलंय.

हे वाचून आमच्यातला प्रोग्रामर खूश झाला. एकदम तीन बदल केले आणि बग गेला, तर तो नेमका कशानं गेला हे सांगता येत नाही! सगळे रोग एकाच मुळातून होतात, हा कूनेंचा सिद्धांत आज वैद्यकशास्त्र मानत नाही. मुलाच्या बाबतीत हा धोका मी तरी पत्करला नसता. मूळव्याधीत कोमट पाण्यात बसायला मात्र डॉक्टर आजही सांगतात.

गंमत म्हणजे जकुझीचा जन्मही आजारपणातलाच. अमेरिकेतल्या जकुझी कुटुंबातल्या लहानग्या केनेथला संधिवात होता. त्याच्यासाठी घरच्या टबात बसवायचा पंप बनवला गेला. तो १९५६ साली विक्रीला आला. चैनीचा टब त्यानंतरचा, १९६८चा.

म्हणजे दोन्हीकडे आधी रोगी होता, टब नंतर आला. मी उलटं करत होतो.

असो. आता ठरलंय: टब नाही. खरबरीत फरशी, भिंतीला पक्का दांडा, बसायला उंच स्टूल आणि उंबरठा काढून टाकायचा. बाबांनी एवढंच विचारलं, "बंब राहील ना?"

राहील.