झाडावर लावलेली नोटीस

शहरांतील एखादें झाड तोडावयाचें असेल, तर त्याची नोटीस त्या झाडावरच लावली पाहिजे, असें महाराष्ट्राचा कायदा सांगतो. ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक नसेल. नागरी भागांतील वृक्षांच्या रक्षणाचा हा कायदा १९७५ सालचा. झाड स्वतःच्या अंगणांतलें असलें, तरी तें तोडण्यास परवानगी घ्यावी लागते. आणि परवानगी मिळाल्यावरहि १५ दिवस कुऱ्हाड चालवितां येत नाहीं.

तोडण्यापूर्वीं विचारावें, हें तत्त्व आपणांकडे नवें नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराच्या लांकडाचा विचार आला आहे. आंबा, फणस हीं झाडेंहि उपयोगाचीं. परंतु रयतेनें तीं मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांना हात लावूं देऊं नये. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊनच तें तोडावें, असा तेथील आशय आहे.

आतां मुंबईच्या उपनगरांतील आरे पाहा. गोरेगांवजवळच्या या भूमींत १९४९ सालीं दूधवसाहत स्थापन झाली आणि शहरांतले म्हशींचे गोठे तेथें हलविण्यांत आले. आदिवासींचे पाडे तर त्याहूनहि जुने. पुढें भुयारी मेट्रोच्या कारशेडसाठीं येथलीच जागा ठरली. २०१९ च्या ऑगस्टमध्यें वृक्षप्राधिकरणानें २,१८५ झाडें तोडण्यास व ४६१ झाडें अन्यत्र लावण्यास संमति दिली. ४ ऑक्टोबर रोजीं उच्च न्यायालयानें विरोधकांचे अर्ज फेटाळले, आणि त्याच रात्रीं करवती चालूं लागल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली, तेव्हां २,१४१ झाडें आडवीं झालीं होतीं.

मेट्रोहि लोकांच्याच सोयीची; ऑक्टोबर २०२४ मध्यें ती आरेहून धावूं लागली. कोणता पक्ष बरोबर, हा निवाडा मी येथें करीत नाहीं. परंतु दोन न्यायालयांच्या हुकुमांमध्यें जे तीन दिवस गेले, त्यांतच सारा प्रश्न संपला. दंड परत करतां येतो, जप्त केलेलें घर सोडवितां येतें. पडलेलें झाड कोणत्याहि अपिलानें उभें राहत नाहीं. झाडाला कायद्याकडून खरोखर मिळतो तो अवधि. आणि तोच अपुरा पडला.

२०२१ सालीं कायदा सुधारला. ५० वर्षें वा अधिक वयाचें झाड वारसावृक्ष ठरलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं रोपें लावण्याची अट आली. हिशेब चोख आहे. मात्र ५० रोपें मिळून पन्नास वर्षांच्या वडाची सावली उद्यां पडणार नाहीं.

म्हणून आपल्या गल्लींत एखाद्या खोडावर कागद चिकटविलेला दिसला, तर क्षणभर थांबून तो अवश्य वाचावा. झाडाला बोलतां येत नाहीं. कायद्यानें त्याच्या अंगावर कागद लावला आहे, तो आपण वाचावा म्हणूनच.