प्रा. वसंत कानेटकर : नाशिकच्या कॉलेजातून रंगभूमीवर आणि पडद्यावर

आपल्या कोपरगावला जी गोदावरी येते, ती नाशिकहून. त्या नाशिकच्या एच.पी.टी. कॉलेजात सुमारे पंचवीस वर्षं शिकवणारे प्रा. वसंत कानेटकर हे मराठीतले मोठे नाटककार. जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात. वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. लिहिण्याची आवड घरातच होती म्हणा ना.

१९५७ साली 'वेड्याचं घर उन्हात' आलं, आणि नंतर तीसेक वर्षं हा माणूस थांबलाच नाही. 'प्रेमा तुझा रंग कसा', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा', 'लेकुरे उदंड जाली'. कौटुंबिक, ऐतिहासिक, संगीत, विनोदी, सगळे प्रकार झाले. नोकरी सांभाळून एवढं लिहिणं सोपं नसतं. पेपर तपासून झाल्यावर डोकं किती शिल्लक राहतं, ते शिक्षकालाच विचारा.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या प्राध्यापकाने आपला पेशाच रंगमंचावर आणला. 'प्रेमा तुझा रंग कसा'मध्ये प्रा. बल्लाळ आहेत. 'हिमालयाची सावली' (१९७२) महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावर बेतलेलं. जगाला मोठा वाटणारा माणूस घरच्यांना काय काय सोसायला लावतो, हे त्यात बायकोच्या बाजूने दिसतं. कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे.

आणि सगळ्यात गाजलं ते १९६६चं 'अश्रूंची झाली फुले'. प्रा. विद्यानंद सरळ माणूस. संस्थाचालकांच्या गैरव्यवहाराच्या आड येतो, म्हणून त्याच्यावरच खोटा आळ घालून त्याला तुरुंगात पाठवतात. बाहेर येतो तो सूडाने पेटलेला गुन्हेगार होऊन. तिकडे त्याने माणसात आणलेला वांड विद्यार्थी लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो. आता सरांना सावरायचं काम विद्यार्थ्याकडे. प्रभाकर पणशीकरांनी विद्यानंद केला, काशिनाथ घाणेकरांनी लाल्या. लाल्यासाठी लोक वेडे झाले होते. २०१८च्या 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' या सिनेमात सुबोध भावे यांच्यामुळे तो लाल्या नव्या पोरांनाही कळला.

हेच नाटक हिंदी पडद्यावर गेलं. सत्येन बोस यांनी १९६९ मध्ये 'आंसू बन गये फूल' काढला. प्रोफेसर झाले अशोककुमार, सोबत देब मुखर्जी आणि प्राण. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. कानेटकरांना उत्कृष्ट कथेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मराठी न येणाऱ्या घरांतही ही गोष्ट पोहोचली ती अशी. आपल्याकडच्या पुष्कळ बुजुर्गांनी हा सिनेमा पाहिलेला असेल, पण त्याचा लेखक नाशिकचा मराठी प्राध्यापक होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ऐतिहासिक नाटकांबद्दल मात्र एक सांगायला हवं. 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये संभाजीराजांचा शेवट आहे आणि समोर औरंगजेब. पणशीकरांनी औरंगजेबही रंगवला होता. पण नाटककार प्रसंग रचतो, संवाद स्वतः लिहितो. ते दरबारातलं टिपण नव्हे. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्येही त्यांना लढायांपेक्षा शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातला बाप-लेकाचा ताण महत्त्वाचा वाटला. पडद्यावरचे संवाद ऐकून वर्गात भांडणं लागतात, तेव्हा एवढा फरक तरी मुलांना समजावून द्यावा. बापाशी न पटणारा मुलगा प्रत्येक मोहल्ल्यात आहे. ते नाटक त्यालाही कळेल.

पुढे त्यांनी नोकरी सोडून पूर्ण वेळ लेखन केलं. बाबा आमटे यांच्यावर 'वादळ माणसाळतंय' लिहिलं. १९८८ साली ठाण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. राहिले मात्र नाशिकलाच. मुंबईचे निर्माते नाटकासाठी नाशिकला येत.