दिनविशेष : १३ नोव्हेंबर
नार्व्याच्या सप्तकोटीश्वराची पुनर्बांधणी

१३ नोव्हेंबर १६६८ : डिचोली महालातील नार्वे येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने श्री सप्तकोटीश्वराच्या देवळाच्या बांधकामाला प्रारंभ झाला. तसा शिलालेख शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी या तिथीसह दरवाजावर कोरला गेला.

कदंब राजांचे हे दैवत. दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले. लिंग भाविकांनी नदीपार आणले. म्हणूनच हा शिलालेख मोलाचा. पाडापाडीच्या नोंदी पुष्कळ सापडतात, पुन्हा उभारणीची अशी दगडातली तारीख गोव्यात विरळाच.

वास्तूही तितकीच बोलकी आहे. उतरती कौले, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, समोर दीपमाळ. ही घडण गोव्याच्या मातीतच शक्य होती. जुने देऊळ उतरवून सिमेंटचे भव्य मंदिर बांधण्याची हौस आज गावोगाव दिसते. नार्व्यात तसे झाले नाही, हे फार चांगले झाले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जुनी वास्तू राखून जीर्णोद्धार केला आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी देऊळ पुन्हा खुले झाले. पेडणे, डिचोलीतील जुन्या देवळांच्या समित्यांनी नवे आराखडे काढण्याआधी नार्व्याला एकदा जरूर जाऊन यावे.